इल्ल आणि अल्ल

गिटला मी पाठवलेल्या पहिल्या पॅचने गिटमध्ये काहीही बदललं नाही. (गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर, पॅच म्हणजे त्याच्याच कोडात सुचवलेली दुरुस्ती.) पॅच लागण्याआधी गिट जे करत होतं तेच नंतरही करत राहिलं, तेवढ्याच वेगाने. बदलल्या त्या एका चाचणीच्या फाइलीतल्या अकरा ओळी, आणि त्याही फक्त 'अमुक फाइल आहे का?' हे विचारायची पद्धत बदलणाऱ्या. या अकरा ओळींना मला तीन आठवडे लागले. घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "पगार किती देतात?"

काही देत नाहीत म्हटलं.

"मग बरंय की. हिशोब जुळला."

बाबांचं आयुष्य उद्यमबागेत गेलं. बेळगावचा हा भाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: फाउंड्र्या, मशीन शॉप, रस्त्याकडेला लोखंडाचा कीस, आणि पावसाळ्यात त्या किसाला चढणारा नारिंगी गंज. ओतलेले सुटे भाग तपासायचं काम बाबा करत. त्यांच्याबद्दल पुढे येईलच. आधी माझ्या अकरा ओळी.

गिट लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५मध्ये लिनक्सच्या कर्नेलचा कोड सांभाळायला लिहिलं, आणि त्याच वर्षी जुलैत ते ज्युनिओ हमानोकडे सोपवलं. आत बहुतेक सी भाषा आहे, पण गिट नीट चालतं का ते बघणाऱ्या चाचण्या मुख्यतः शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाला ओळीओळीने द्यायच्या कमांडच्या फाइलींत. प्रकल्पात 'टी' नावाचं एकाक्षरी फोल्डर आहे, त्यात या स्क्रिप्ट राहतात. प्रत्येकीचं नाव टी आणि चार आकडे असं सुरू होतं, आणि पहिला आकडा घराणं सांगतो: शून्य म्हणजे अगदी मूलभूत, चार म्हणजे डिफवाले (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारे), पाच म्हणजे आणणं-पाठवणं. स्क्रिप्ट चालवली की ती स्वतःसाठी एक तात्पुरतं फोल्डर तयार करते आणि त्यात हवा तो पसारा घालते. त्या फोल्डरचं नाव 'ट्रॅश डिरेक्टरी'. सगळं पास झालं की ते पुसून टाकते. मला हा प्रकार फार आवडला. उकिरडा आधी आखून घ्यायचा, मग घाण करायची. आमच्या गल्लीत हे अजून जमलेलं नाही.

आता अशा चाचणीत सारखं एकच विचारावं लागतं. ही कमांड चालवली, तर ती फाइल तयार झाली का? ती कमांड चालवली, तर ही फाइल गेली का? शेलमध्ये यासाठी 'टेस्ट' नावाची इवलीशी कमांड असते. तिला 'डॅश एफ' आणि फाइलचं नाव द्यायचं. त्या नावाची साधी फाइल असली तर ती शून्य परत करते, नसली तर एक. शून्य म्हणजे होय. शिकवताना पोरं इथे हमखास हसतात, पण कारण सरळ आहे: काम नीट झालं तर सांगण्यासारखं एकच असतं, बिघडायच्या तऱ्हा मात्र अनेक, म्हणून एकपासून पुढचे सगळे आकडे बिघाडांसाठी राखून ठेवलेत.

ही कमांड उत्तर देते, पण तोंड उघडत नाही. शून्य नाहीतर एक, तेही पडद्यामागे.

गिटच्या एका चाचणीत पाच-सहा पायऱ्या असतात, 'अँड-अँड'ने एकीला एक बांधलेल्या. एक निखळली की पुढच्या चालतच नाहीत आणि चाचणी नापास. पडद्यावर 'नॉट ओके ७' येतं, खाली त्या चाचणीचा अख्खा मजकूर येतो. सहातल्या कोणत्या पायरीवर पाय घसरला, ते मात्र तुम्ही शोधा. त्या सहांपैकी तीन ओळी 'टेस्ट डॅश एफ'च्या असल्या तर तिघी एकसारख्या गप्प. रात्री अकरा वाजता, बाहेर धो धो पाऊस, इन्व्हर्टर कुईकुई करतोय, आणि तुम्ही तीन मुक्या साक्षीदारांसमोर बसलेले.

इथे बाबा आठवले.

त्यांच्या हाताखाली एक नवा पोरगा आला होता. प्लग गेज बोअरमध्ये, म्हणजे भागाच्या भोकात, घालून बघायचा. गेजचं एक टोक आत जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये, तो गो नो-गो प्रकार. जमलं नाही की पोरगा त्या भागावर लाल रंगाचा फराटा मारायचा आणि बाजूला ढकलायचा. संध्याकाळपर्यंत लाल फराट्यांचा ढीग. साचे बनवणारा मोल्डर यायचा, ढिगाकडे बघायचा, दोन शिव्या घालायचा आणि जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच ढीग. बाबांनी त्या पोराच्या हातात रंगाबरोबर खडूचा तुकडा दिला. म्हणाले, "नुसतं लाल करू नकोस गा. जिथं खोट हाय तिथं खडूनं गोल कर, आणि बाजूला लिही." मग भागांवर दिसायला लागलं: ब्लोहोल. बोअर मोठा. इथे वाळू पडली. मोल्डर येऊन एक-एक भाग हातात घेऊन फिरवायला लागला. बाबा हे सांगताना मोल्डरचे हात करून दाखवतात, अंगठा खोटेवरून फिरवत.

गिटच्या चाचण्यांना हा खडू आधीपासून मिळालेला आहे. 'टेस्ट पाथ इज फाइल' नावाचं एक फंक्शन आहे, त्याच्या पोटात तीच 'टेस्ट डॅश एफ' आहे. फरक एवढाच की उत्तर 'नाही' असं आलं तर ते आधी म्हणतं, 'फाइल अमुकतमुक डझन्ट एक्झिस्ट', आणि मग नापास होतं. फोल्डरसाठी त्याचा भाऊ आहे, 'टेस्ट पाथ इज डिर'. पण प्रकल्प जुना, स्क्रिप्टची संख्या मोठी, त्यामुळे कित्येक जुन्या चाचण्यांत अजून मुकी 'टेस्ट डॅश एफ'च होती. नवख्या माणसाला हात साफ करायला हे काम देतात: एक स्क्रिप्ट निवड, जुन्या ओळी शोध, नव्या फंक्शनने बदल. वाटतं, शोधा-आणि-बदला, पाच मिनिटांचं काम. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिली अडचण 'आहे' या शब्दाची.

माझं आजोळ खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठापासून जरा आत. माळ्यावर भाताची कणगी होती, बांबूची, शेणाने लिंपलेली, माझ्याहून उंच. एकदा आज्जीने मला वर पाठवलं, "कणगीत भात हाय काय बघून ये." मी शिडी चढलो, अंधारात कणगीचा काळा आकार दिसला, मी तिथूनच ओरडलो, "हाय!" खाली आलो तर आज्जी म्हणाली, "काय हाय? कणगी हाय की भात हाय?" मी पुन्हा वर. या वेळी आत हात घातला. तळाशी चिमूटभर तूस आणि उंदराच्या लेंड्या.

'टेस्ट'ला डॅश ई दिलं तर ती मी पहिल्यांदा दिलेलं उत्तर देते: त्या नावाचं काहीतरी आहे, मग फाइल असो की फोल्डर. डॅश एफ म्हणजे साधी फाइलच पाहिजे, डॅश डी म्हणजे फोल्डर. डॅश एस म्हणजे आत हात घालून बघ, शून्यापेक्षा जास्त बाइट आहेत का. मी बदलायला घेतलेल्या स्क्रिप्टमध्ये एके ठिकाणी डॅश ई होतं. ज्याने लिहिलं त्याला फाइलच अपेक्षित होती हे वरच्या चार ओळींवरून स्वच्छ दिसत होतं, त्याने फक्त ढोबळ विचारलं होतं. तिथे 'इज फाइल' घालताना मी चाचणी जरा कडक करत होतो, आणि ते पॅचसोबतच्या मजकुरात सांगणं भाग होतं. अशा प्रत्येक ओळीपाशी थांबून वरच्या-खालच्या ओळी वाचाव्या लागतात, आणि तीन आठवडे तिथेच जातात.

डॅश ईची आणखी एक गंमत आहे. समजा एक सिमलिंक आहे, आणि ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती फाइलच गेली. डॅश ई लिंकच्या मागे मागे जाते, तिथे काही सापडत नाही, आणि सांगते: नाही. पाटी खांबावर शाबूत उभी आहे, तरी नाही. पाटीबद्दलच विचारायचं असेल तर डॅश एल.

खरा घोळ मात्र 'नाही'मध्ये निघाला.

काही चाचण्यांत उलटा दावा असतो: गिटने ही फाइल काढून टाकली, आता ती नसली पाहिजे. जुन्या पद्धतीत हे लिहायचं तर 'टेस्ट डॅश एफ'च्या आधी उद्गारचिन्ह. उद्गारचिन्ह म्हणजे उलट. मी अशा एका ओळीकडे बघत बसलो होतो. ही 'टेस्ट पाथ इज मिसिंग'ने बदला असं सगळीकडे सांगितलेलं असतं, पण पॅचच्या मजकुरात 'का' लिहावं लागतं, आणि ते मला नेमकं मांडता येत नव्हतं. आमच्या ऑफिसात बैलहोंगलची एक मुलगी आहे, घरची भाषा कन्नड, आमच्यासोबत राहून मराठी फर्डी झालेली. ती मागून डोकावली. मी तिला मराठीत समजावलं: ही ओळ म्हणते फाइल नाही. तिने स्क्रीन वाचली आणि म्हणाली, "सर, तुम्ही 'अल्ल' लिहिलंय. तुम्हाला 'इल्ल' पाहिजे."

बेळगावात वाढलेल्या माणसाला हे दोन्ही शब्द पाळण्यापासून माहीत असतात. 'इल्ल' म्हणजे नाही, अस्तित्वातच नाही. दुकानदार म्हणतो 'साखर इल्ल', तुम्ही पुढच्या दुकानात जाता. 'अल्ल' म्हणजे ते नव्हे. समोर काहीतरी आहे, पण तुम्ही म्हणता ते हे नव्हे. 'इदु साखर अल्ल': ही साखर नव्हे, मीठ आहे. आपल्याकडेही 'नाही' आणि 'नव्हे' असा भेद होताच. पुस्तकात 'नव्हे' अजून टिकून आहे, आमच्या आज्जीच्या तोंडी 'नव्हं' होतं, पण रोजच्या शहरी बोलण्यात दोन्हींचं काम एकट्या 'नाही'वर येऊन पडलंय. चाळीस वर्षं मी दोन्ही भाषांच्या मधोमध राहिलो आणि हा भेद कधी मोजून बघितला नव्हता.

उद्गारचिन्ह लावलेली 'टेस्ट डॅश एफ' म्हणते: या नावाची साधी फाइल नाही. म्हणजेच अल्ल. त्या जागी त्याच नावाचं फोल्डर असलं तरी ती खूश, चाचणी पास. गिटने फाइल काढायच्या ऐवजी काही विचित्र करून तिथे फोल्डर ठेवलं, तरी 'ओके' येणार. चाचणी लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं इल्ल: या नावाचं तिथे काहीही नको. 'इज मिसिंग' डॅश ईने विचारतं, आणि काही सापडलंच तर 'पाथ एक्झिस्ट्स' म्हणून 'एलएस' चालवून त्या जागी काय बसलंय त्याची ओळ छापतं: फाइल की फोल्डर, कोणाची, केव्हाची.

ही शेवटची गोष्ट किती मोलाची, ते काकांच्या फाइलीवरून सांगतो. ही कागदाची फाइल. आमच्याकडे जमिनीचे उतारे केव्हाच संगणकावर आले. कर्नाटकाच्या 'भूमी' प्रकल्पाने सुमारे २ कोटी उतारे संगणकात भरले, २००० सालच्या आसपासची गोष्ट. पण वारसाच्या एका जुन्या नोंदीसाठी मूळ कागद लागला, आणि काका एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये खेटे घालायला लागले. तीनदा उत्तर आलं, "फाइल नाही." तीनदा काका परत आले, एकदा पावसात भिजून. चौथ्यांदा टेबलावर नवीन बाई होत्या. त्यांनी सर्व्हे नंबर विचारला, आत गेल्या आणि रुमालच उचलून घेऊन आल्या. कागदांचा गठ्ठा ज्या कापडात बांधतात त्याला तिथे अजून रुमाल म्हणतात, पेशवे दफ्तरात म्हणायचे तसाच. गाठ सोडली, धुळीने दोघेही शिंकले. बाईंनी एकेक फाइल बाजूला केली आणि त्या नंबरच्या जागी बोट ठेवून म्हणाल्या, "तुमची इथं नाही. पण बघा, तुमच्या जागेवर ही दुसऱ्याची आहे." वरचा नंबर वाचला. त्या दुसऱ्या नंबरचा रुमाल सोडला, तर काकांची फाइल त्यात निवांत. कधीतरी परत ठेवताना दोघींची अदलाबदल झाली होती. आधीचे लोक खोटं बोलत नव्हते. रुमाल उघडून, हवी ती फाइल न दिसल्यावर ते 'नाही' म्हणून मोकळे होत होते. त्या जागी काय आहे ते वाचायची तसदी कोणी घेतली नव्हती.

आता हा भाग सीमाभागाचा आहे म्हटल्यावर एक वाक्य लिहिल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४चा, आणि २०१४च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. या सगळ्यात मी रोज जी गल्लत ऐकतो ती अगदी उद्गारचिन्हाची आहे. एक म्हणतो, हा महाराष्ट्र अल्ल, म्हणून इथं मराठी इल्ल. पुण्यातला पाहुणा उलट बाजूने तेच करतो: "तुम्ही बेळगावचे? मग मराठी इतकी चांगली कशी?" दोघांनीही रुमाल सोडून बघितलेला नसतो. असो. या विषयावर मी सहसा घरातच बोलतो.

पॅच पाठवला. गिटला पॅच ईमेलमध्ये साध्या मजकुरात जातो, खाली तुमच्या नावाची सही, की हे काम देण्याचा हक्क मला आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं. दहा ओळी ठीक होत्या, अकराव्याने माझी इज्जत घालवली. एके जागी 'टेस्ट डॅश एफ' एका 'इफ'मध्ये होती: फाइल असेल तर हे करा, नसेल तर ते करा. मी शोधा-आणि-बदलाच्या धुंदीत तिथेही 'इज फाइल' ठोकून दिलं होतं. तपासणाऱ्याने अगदी सभ्यपणे लिहिलं होतं की इथे फाइल नसणं ही चूक नाही, ती दोन वाटांपैकी एक वाट आहे. इथे फंक्शन घातलं तर सगळं सुरळीत चाललेलं असतानाही ते 'फाइल नाही, फाइल नाही' ओरडणार, आणि पुढे कधी खरंच बिघडलं तर वाचणारा त्या ओरडण्यामागे धावणार.

किती खरं होतं ते. 'चहा आहे का?' हा प्रश्न असतो, तेव्हा 'नाही' ऐकून आपण सरबत मागवतो. 'चहा तयार ठेवा' असं सांगून गेलो आणि आल्यावर चहा नसला, तर ती तक्रार. दोन्हीकडे वाक्य एकच, 'चहा नाही'. खडू दुसऱ्या ठिकाणी पाहिजे. पहिल्या ठिकाणी खडू फिरवला तर चांगल्या भागावरही गोल उमटतात.

ती ओळ जशीच्या तशी परत ठेवली. मग सुधारताना वर आणखी एक जागा दिसली, जी मी आधी घाबरून सोडली होती. ती घेतली. त्यामुळे शेवटी पुन्हा अकराच झाल्या. दुसऱ्या खेपेला काही शंका आली नाही.

एका मित्राने, तो पुण्याला मोठ्या पगारावर आहे, फोनवर विचारलं की हे एवढं कशाला, डॅश एक्स लावून स्क्रिप्ट चालव, शेल प्रत्येक ओळ छापतो, शेवटची ओळ बघितली की पडलं कुठे ते कळतं. बरोबर आहे त्याचं. आणि फंक्शनचं बोलणंही डॅश व्ही, म्हणजे 'सविस्तर सांग', लावल्याशिवाय दिसत नाही, हेही मान्य. पण डॅश एक्सचा कागद म्हणजे कारखान्याच्या दिवसभराच्या आवाजाची नोंद, त्यात तुमचा खट् शोधा. आणि पडलेली ओळ सापडली तरी त्या जागी काय होतं ते ती सांगत नाही. त्याला एवढं सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि फ्लॅटच्या हप्त्यांवर आला.

गेल्या आठवड्यात मी दुसरं एक काम घेतलंय, या वेळी खरोखर काही बदलणारं. त्यासाठी स्वतःची चाचणी लिहिली, सहा पायऱ्यांची, आणि चालवली. नॉट ओके. रात्रीचे साडेअकरा, लाइट दोनदा जाऊन आलेली. मनात लगेच सीचा कोड फिरायला लागला, कुठलं पॉइंटर, कुठली मेमरी. मग डॅश व्ही लावून पुन्हा चालवली, आणि पडद्यावर तीच माझ्या ओळखीची ओळ आली: फाइल न्यू-फाइल डझन्ट एक्झिस्ट. चार ओळी वर गेलो. फाइल मीच बनवली होती, आणि बनवताना नाव ठेवलं होतं न्यूफाइल. मधली आडवी रेघ घालायची राहिली होती.

बाबा पाणी प्यायला उठले होते. दारातून म्हणाले, "अजून बसलास? कळली काय खोट?"

"कळली की," म्हटलं. "एवढीशी रेघ."